बाबांच्या डोळ्यातली जुनी लेन्स आणि पांढरट झालेला कॉर्निया : डीसेक करताना लेन्सही काढावी का?

मेथीची_जुडी | ६ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. या विभागात पहिलाच धागा काढतेय आणि मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाबा ७८ वर्षांचे, आम्ही कराडचे. २००३ साली एका शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मागची पिशवी फाटल्यामुळे लेन्स 'पुढच्या कप्प्यात' बसवली, असं कार्डावर लिहून दिलं होतं. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. बाबांना दिसायला लागलं, विषय संपला. वीसेक वर्षं छान गेली.

दोनेक वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर त्या डोळ्याला धुकं दिसायला लागलं. दहा-अकरापर्यंत ते उतरायचं. बाबा म्हणायचे, "माझा डोळा सरकारी आहे, कचेरीच्या वेळेतच उघडतो." आम्ही हसायचो. मग धुकं दुपारपर्यंत राहायला लागलं, आता दिवसभर असतं. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता उठून बसले, डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग, पाण्याच्या धारा. कॉर्नियावर फोड आले होते आणि त्यातला एक फुटला होता.

दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणतात कॉर्नियाचा आतला थर बदलायला हवा, म्हणजे डीसेक. पण पहिले म्हणतात जुनी लेन्स आहे तिथेच राहू द्या, उगाच डोळा ढवळू नका. दुसरे म्हणतात ती लेन्सच गुन्हेगार आहे, ती काढून मागे नवी बसवू आणि त्याच वेळी थर बदलू. ऑपरेशन मोठं, खर्च जास्त. डावा डोळा चांगला आहे, त्यावर चाललंय. पण रात्रीची आग बघवत नाही.

कुणी यातून गेलंय का? आणि नातेवाइकांना काय सांगायचं तेही सांगा. 'पडदा बदलणार' म्हटलं की सगळे रेटिनाच्या गोष्टी सुरू करतात.

---

बोरकूट | ६ जून, रात्री ११:३२

आमच्याकडे डोळ्यात फूल पडलं की शुद्ध मध घालतात. माझ्या आजीला गुण आला होता. ऑपरेशनच्या आधी एकदा करून बघा.

---

तीन_नंबरची_खोली | ६ जून, रात्री ११:४९

बोरकूट, कृपा करा. ज्या डोळ्यावर फोड फुटून जखम झालीय त्यात मध म्हणजे जंतूंना आवतण. मेथीताई, मध, गुलाबपाणी, तूप, काहीही घालू नका.

मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कॉर्नियाच्या ओपीडीत अकरा वर्षं झाली. सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच घ्यायचा, मी फक्त प्रकार काय आहे ते सांगतो.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच एक थर असतो, एंडोथेलियम. डोळ्यातलं पाणी सतत कॉर्नियात झिरपत असतं आणि या पेशी ते सतत उपसून बाहेर टाकत असतात. मुंबईतल्या एखाद्या बेसमेंटमधला पावसाळी पंप डोळ्यासमोर आणा. पंप चालू आहे तोवर बेसमेंट कोरडं. गोची अशी की या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरला २५०० ते ३००० असतात, वयानुसार हळूहळू घटतात. एक मेली की शेजारणी पसरून जागा भरतात. आकडा ५०० च्या आसपास किंवा खाली आला की मात्र उपसा कमी आणि झिरप जास्त. कॉर्निया सुजतो, गढूळ होतो, वरच्या कातडीखाली पाणी साठून फोड येतात.

सकाळचं धुकं त्यामुळेच. रात्रभर पापण्या मिटलेल्या, वरून बाष्पीभवन बंद. दिवसा डोळा उघडा राहिला की थोडं पाणी उडून जातं. बाबांची 'कचेरीची वेळ' अगदी बरोबर आहे, आमच्याकडे हे जवळजवळ निदानाचं वाक्य आहे.

पुढच्या कप्प्यात बसवलेली लेन्स कॉर्निया आणि बुबुळ यांच्या मधल्या जागेत असते आणि तिचे पाय कोपऱ्यात टेकलेले असतात. तिची लांबी कॉर्नियाच्या आडव्या मापापेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त घेतात. लहान पडली तर ती डोळ्यात फिरते, मोठी पडली तर पाय रुततात. दोन्हीत वर्षानुवर्षं बारीक सूज धुमसत राहते आणि पेशी झिजतात. त्यात पिशवी (जिच्यात मूळची लेन्स असते आणि एरवी नवीही तिथेच बसवतात) फाटलेल्या ऑपरेशनमध्ये त्याच दिवशी बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, त्यामुळे सगळा दोष लेन्सवर टाकता येत नाही.

स्पेक्युलरचा (या पेशी मोजणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट आणि कॉर्नियाची जाडी टाका. आणि डोळा चोळू देऊ नका.

---

गोंधळी | ७ जून, सकाळी ७:०५

वा, खोलीसाहेब. थोडं अवांतर करतो, राहवत नाही.

डोळ्यात लेन्स बसवायची कल्पना हॅरोल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसायचे आणि डोळा ते निमूट सहन करायचा. त्यावरून त्याने त्याच प्लास्टिकची लेन्स करवून घेतली आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिल्यांदा बसवली. त्याने ती मागे बसवली होती, पण ती घसरायची. म्हणून १९५० च्या दशकात काही युरोपीय सर्जन पुढच्या कप्प्याकडे वळले. बसवायला सोपी, समोर दिसते. इटलीत स्ट्राम्पेली, स्पेनमध्ये बाराकेर. बाराकेरने शेकड्यांनी बसवल्या आणि पुढे जवळपास निम्म्या स्वतःच काढल्या, कारण काही वर्षांत कॉर्निया गढूळ व्हायला लागले. म्हणजे मेथीताईंच्या बाबांचं दुखणं लेन्सच्या इतिहासाइतकंच जुनं आहे. नंतर ८०च्या दशकात अमेरिकेत बंद वेटोळ्याच्या पायांच्या लेन्स निघाल्या, त्यांनी पुन्हा तेच केलं आणि त्या बंद झाल्या.

आपल्याकडचं एक नाव घेतलंच पाहिजे, अमृतसरचे डॉ. दलजितसिंग. हॉलंडच्या यान वोर्स्टची बुबुळाला चिमटा काढून बसणारी लेन्स त्यांनी भारतात रुजवली.

---

मेथीची_जुडी | ७ जून, दुपारी १:२०

खूप आभार. बोरकूट, राग नाही, माझ्या आत्यानेही हेच सुचवलंय.

रिपोर्ट : उजव्या डोळ्याचा स्पेक्युलर काउंट मशीनला घेताच आला नाही. जाडी ७१८ मायक्रॉन. डोळ्याचं प्रेशर १९. लेन्सचा एक पाय बुबुळात रुतलाय असं लिहिलंय. सध्या मिठाच्या पाण्याचे ५ टक्के थेंब, रात्री त्याचंच मलम आणि बँडेज लेन्स (फोडांवर पट्टीसारखी बसणारी कॉन्टॅक्ट लेन्स). बँडेज लेन्सने आग जवळजवळ थांबली, देवासारखी वस्तू आहे.

मनातलं एक विचारते. त्या शिबिरातल्या डॉक्टरांनी चूक केली का? भाऊ फार चिडलाय.

---

तीन_नंबरची_खोली | ७ जून, रात्री ९:१५

७१८ म्हणजे जवळपास पाऊण मिलिमीटर, चांगलीच सूज. काउंट न येणं अपेक्षितच, गढूळ काचेतून मशीनला पेशी दिसत नाहीत.

डॉक्टरांची चूक झाली का ते विचारलंत म्हणून सांगतो. मागची पिशवी फाटणं हे चांगल्या हातांनीही होतं. तेव्हा शिबिरात सहसा पर्याय दोनच असायचे : लेन्सच न बसवता सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचा, नाहीतर पुढे बसवायची. बाबा तेव्हा नोकरीत असतील तर जाड चष्म्यावर त्यांचं काम झालं नसतं. वीस वर्षं दिसलं हेही हिशेबात धरा. माझी तक्रार वेगळी आहे. अशी लेन्स असलेल्या माणसाला 'दरवर्षी काउंट करून घ्या' हे कुणी सांगत नाही. आकडा उतरतोय हे वेळेत कळलं तर लेन्स आधीच काढता येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझ्या पाहण्यात असलेले कॉर्नियाचे बहुतेक सर्जन अशा डोळ्यात लेन्स काढतात. कारण साधं आहे. नवा थर पुढच्या कप्प्यात उलगडायचा असतो आणि हवेच्या बुडबुड्याने कॉर्नियाला आतून चिकटवायचा असतो. तिथे लेन्स आडवी बसली असेल तर उलगडायला जागा नाही, बुडबुडा नीट बसत नाही, आणि जिने पहिल्या पेशी मारल्या तीच दात्याच्याही मारणार. लेन्स हलत नसेल आणि कप्पा खोल असेल तर काहीजण ती ठेवून डीसेक करतात, ते चूक नाही. पण तुमच्या रिपोर्टात पाय रुतलाय असं स्पष्ट लिहिलंय.

काढणं सोपं नसतं हेही ऐकून ठेवा. इतक्या वर्षांत पायाभोवती बुबुळाची ऊती वाढते. ओढलं की रक्त. म्हणून पाय कापून, तुकडे करून, गोल फिरवत सोडवतात. मग नवी लेन्स बुबुळाच्या मागच्या अंगाला चिमट्याने, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाय अडकवून. त्यात गोंदाची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांची, आणि बिनटाक्याची, पायाच्या टोकाला डाग देऊन बोंड करायची, जपानच्या यामाने यांची.

---

पहिली_लोकल | ८ जून, सकाळी ६:१४

माफ करा, थोडा वेगळा प्रश्न. मुलीचा नंबर उणे ९ आहे, चष्मा घालवायला डोळ्यात लेन्स बसवायची म्हणतेय. हे वाचून पोटात गोळा आला.

---

तीन_नंबरची_खोली | ८ जून, सकाळी ८:३०

ती लेन्स बहुधा बुबुळाच्या मागे, नैसर्गिक लेन्सच्या पुढे बसते, कॉर्नियापासून लांब. पूर्वी याच कामासाठी पुढच्या कोपऱ्यात टेकणाऱ्या लेन्स होत्या, त्या पेशी खायला लागल्या म्हणून बाजारातून गेल्या. मुलीचा काउंट आणि पुढच्या कप्प्याची खोली आधी मोजतील, त्यात बसत नसेल तर नाही म्हणतील. बसवली तर वर्षातून एकदा काउंट, आयुष्यभर. आणि तिला डोळे चोळायची सवय असेल तर आधी ती मोडा.

---

तळकोकण | ८ जून, रात्री १०:४०

मेथीताई, माझ्या आईचंही हेच, वय ७१, आम्ही कुडाळचे. लेन्स मात्र मागेच आहे. मोतीबिंदू फार पिकलेला होता, ऑपरेशन लांबलं आणि पेशी गेल्या. मुंबईत एका ठिकाणी डीमेकसाठी नाव घातलंय. चार महिने झाले, नंबर लागत नाही. फोन वाजला की आई आधी माझ्या तोंडाकडे बघते.

डीसेक आणि डीमेकमध्ये नेमका फरक काय? डॉक्टरांनी सांगितलं, पण आमचं लक्ष खर्चाच्या कागदाकडे.

---

रात्रपाळी | ९ जून, पहाटे ३:५०

नेत्रपेढीत टेक्निशियन आहे, आत्ताच एक कॉल करून आलो. झोप येत नाहीये, लिहितो.

पूर्वी अख्खा कॉर्निया बदलायचे. गोल कापून काढायचा, दात्याचा तेवढाच बसवायचा, सोळा टाके. नजर स्थिरावायला वर्ष, तरी वेडावाकडा नंबर राहायचा. आजार फक्त आतल्या अस्तराचा असेल तर सगळा कोट का बदलायचा, हा विचार हॉलंडच्या गेरिट मेलेस यांनी १९९८ पासून पुढे नेला. डीसेकमध्ये दात्याचा आतला थर आणि त्याला आधार म्हणून थोडी मधली ऊती, मिळून साधारण शंभर मायक्रॉनची चकती. डीमेकमध्ये नुसतं अस्तर, १०-१५ मायक्रॉन. कांद्याच्या पातीवरचा पापुद्रा यापेक्षा जाड असेल. पाण्यात सोडलं की ते आपोआप गुंडाळतं, पेशी बाहेरच्या बाजूला. निळ्या रंगात बुडवून डोळ्यात सोडतात आणि वरून टिचक्या मारत उलगडतात. उलटं बसलं तर काम फुकट. तरुण दात्याचं अस्तर फार घट्ट गुंडाळतं, म्हणून डीमेकला पन्नाशीच्या पुढचा दाता बरा पडतो. नजर डीमेकने जास्त स्वच्छ येते आणि शरीराने नाकारण्याचं प्रमाण सगळ्यात कमी.

पण मेथीताईंच्या बाबांसारख्या डोळ्यात मागची पिशवी नाही, पुढचा-मागचा कप्पा एकच. हवा मागे पळते, पापुद्राही मागे जाऊ शकतो. तिथे डीसेकची चकती हाताला सापडते. डॉक्टरांनी 'जुनी' पद्धत सांगितली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता उशीर का लागतो. आजचाच कॉल सांगतो. डोंबिवली, चौथा मजला, लिफ्ट बंद. आजोबा सव्वादहाला गेले, मुलीने अकराला फोन केला, आम्ही पाऊणला पोचलो. सहा तासांच्या आत घ्यावं लागतं. त्या बाईंनी पंखा बंद केला होता, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला होता, डोक्याखाली उशी. कुणीतरी फोनवर सांगितलं असणार. आम्ही पूर्ण डोळा काढत नाही, पुढचं पारदर्शक झाकण तेवढं कडेसकट घेतो आणि रक्ताचा नमुना. पंधरा-वीस मिनिटं. चेहरा होता तसाच राहतो. निघताना नातू म्हणाला, आजोबांना चष्मा होता, चालेल ना? चालतो. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं चालतं. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर नाही.

पण घेतलेला प्रत्येक कॉर्निया असा वापरता येत नाही. पेशी मोजतो, साधारण दोन हजारांच्या वर लागतात. वयस्क दात्यात त्या कमी निघतात, रक्त तपासणीत काही सापडतं. चांगल्या द्रावणात चौदा दिवस टिकतो, तेवढ्यात पेशंट, सर्जन, ऑपरेशनची खोली जुळायला हवी. कॉर्निया विकता येत नाही, बिलात दिसतो तो तपासणी-साठवणुकीचा खर्च.

उद्या १० जून, आपल्याकडचा दृष्टिदान दिन, नेत्रतज्ज्ञ डॉ. रामचंद्र भालचंद्र यांच्या स्मरणार्थ. दिवसा भाषणं, रात्री आमचे कॉल.

---

तळकोकण | ९ जून, सकाळी ७:२२

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा विचारलं, त्या डोंबिवलीच्या बाईंचं नाव काय.

---

ओसाकाचा_आंबा | ९ जून, दुपारी ४:०२

जपानातून एक भर. इथे क्योतोच्या डॉ. किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या नुसत्या इंजेक्शनने डोळ्यात सोडायची पद्धत काढली. पहिल्या ११ रुग्णांचा निबंध २०१८ साली आला, सगळे याच फोडांच्या आजाराचे. इंजेक्शननंतर तीन तास पालथं झोपायचं, म्हणजे पेशी खाली कॉर्नियावर बसतात. २०२३ मध्ये जपानने मंजुरी दिली. एका दात्याच्या पेशी अनेक डोळ्यांना पुरतात, म्हणून रांगेवर हा खरा इलाज. भारतात यायला वेळ लागेल, बाबांनी थांबू नये.

---

मेथीची_जुडी | २१ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. ऑपरेशन झालं! लेन्स काढली, बुबुळाच्या मागे नवी बसवली, त्याच वेळी डीसेक. पावणेदोन तास. चकतीमुळे नंबर एक-दीडने प्लसकडे सरकतो, म्हणून नव्या लेन्सचा नंबर तसा हिशेब करून घेतला होता.

जुनी लेन्स डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवली. तीन तुकडे. बाबांनी बाटली दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "एवढ्याशा प्रवाशाने बावीस वर्षं विनातिकीट प्रवास केला."

मग उताणं झोपायचं. पहिले चोवीस तास छताकडे तोंड, फक्त जेवायला आणि संडासला उठायचं. कुणी सांगत नाही, पण हाच सगळ्यात अवघड भाग. कंबर धरली. मी चमच्याने पेज भरवली, अर्धी कानात. डाव्या डोळ्याने पंखा बघून बघून त्यांनी तिसऱ्या पात्यावर धूळ जास्त आहे असा अहवाल दिला. उजव्या डोळ्याला मान हलवली की पाण्याच्या पातळीसारखी रेघ डुचमळताना दिसायची, तो हवेचा बुडबुडा.

तिसऱ्या दिवशी चकतीची खालची कड सुटलेली निघाली. माझे पाय गळाले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे होतं. पुन्हा हवा भरली, पुन्हा चोवीस तास छत. पुढच्या तपासणीत चिकटलेली. ज्यांचं व्हायचंय त्यांनी दुसऱ्यांदा हवा भरायची मनाची तयारी आधीच ठेवा, आम्ही ठेवली नव्हती.

---

गोंधळी | २२ जुलै, सकाळी ७:१०

विनातिकीट! बाबांना दंडवत.

---

तीन_नंबरची_खोली | २२ जुलै, दुपारी २:४०

छान बातमी. दोन गोष्टी गाठीशी बांधा. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायचे, 'आता दिसतंय' म्हणून बंद केले आणि थर नाकारला गेला असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. ते औषध तळाशी बसतं, बाटली हलवूनच घालायची. आणि त्याच थेंबांनी प्रेशर वाढू शकतं, म्हणून ते मोजायला जायचंच. डोळा लाल होणं, दुखणं, उजेड न सोसणं, नजर उतरणं, यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवार असला तरी.

---

मेथीची_जुडी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

तीन महिने झाले. ऑपरेशनआधी हाताची बोटं मोजत होते, आता तक्त्यावर ६/१२. जाडी ६४० (चकती धरून). सकाळचं धुकं गेलं. परवा स्टँडवर उभे राहून लांबूनच पाटी वाचली, "चिपळूण जलद, वाहक नवीन दिसतोय, घंटी दोनदा मारतो." वाहक नवीन आहे हे डोळ्याने कळलं की कानाने, ते सांगत नाहीत.

थेंबांचं वेळापत्रक मी पुठ्ठ्यावर आखून दिलं होतं. बरोबरची खूण करायला पेन ठेवलं, तर यांनी माळ्यावरून त्यांचा तिकिटाचा चिमटा शोधून काढला. प्रत्येक थेंबानंतर पुठ्ठ्याला टक्कन भोक. आई म्हणते सकाळी सहाला डेपोत राहिल्यासारखं वाटतं. एकही थेंब चुकलेला नाही. संपलेले पुठ्ठे फेकू देत नाहीत, डॉक्टरांना दाखवायला नेतात.

भाऊ अजून कार्डावरचं शिबिराचं नाव काढून धुसफुसतो. बाबा त्याला म्हणाले, तेव्हा रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं, ते वर्ष मी पुरं केलं ना.

तळकोकण, आईंचं काय झालं?

---

तळकोकण | २० ऑक्टोबर, पहाटे ४:५५

काल दुपारी तीनला फोन आला. ६२ वर्षांच्या दात्याचा कॉर्निया, काउंट २४००, आज साडेनऊला या म्हणाले. दाता कोण ते सांगत नाहीत.

रात्री आठला निघालो. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. आत्ता वडखळला थांबलोय. ड्रायव्हर चहा पितोय, आईला उपाशी यायला सांगितलंय म्हणून ती गाडीतच बसलीय. मागच्या सीटवर उताणं झोपायची प्रॅक्टिस करतेय म्हणते.